वयाच्या ५६व्या वर्षी पहिली फुल मॅरेथॉन साडेचार तासांत होईल का? सराव कसा करू?

हाफ मॅरेथॉन २ तास १० मिनिटांत झाली आहे आणि आठवड्यातून चार दिवस पळता, असं तुम्ही लिहिलंय. मी साठी ओलांडलेला हौशी धावपटू आहे. माझं मत विचाराल तर पहिल्या फुलसाठी ४:३० धरू नका, ४:४५ धरा.

हाफच्या वेळेवरून फुलचा अंदाज काढायला रीगलचं सूत्र वापरतात. त्यात २:१० चे साधारण ४:३१ येतात खरे, पण पायांत भरपूर किलोमीटर मुरले असतील तरच. चार दिवस पळणाऱ्याने वर पंधरा मिनिटं धरलेली बरी. ४:३० साठी किलोमीटरला ६:२४ चा पेस (म्हणजे एका किलोमीटरला ६ मिनिटं २४ सेकंद) लागतो, ४:४५ साठी ६:४५. एकवीस सेकंद किरकोळ वाटतात, पण वेग जितका जास्त तितकं ग्लायकोजेन (स्नायूंतली साठवलेली साखर) लवकर संपतं, आणि त्याची वसुली तिसाव्या किलोमीटरनंतर होते. तेव्हा पहिले पाच किलोमीटर ७:०० च्या आसपासच्या पेसने पळा. लोक ओलांडून जातील, जाऊ द्या. मग ३२ पर्यंत ६:४५. त्यानंतर दम उरला असेल तर बघा.

एक बारकावा: वळणांमुळे जीपीएस घड्याळात मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरऐवजी बहुधा साडेबेचाळीसच्या पुढचा आकडा दिसतो. त्यामुळे पेस रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाट्यांवरून तपासा.

सरावात आपल्या वयाला अडतं ते रिकव्हरीपाशी. तरुणांसाठी आखलेल्या वेळापत्रकात दर रविवारी लाँग रन असतो. तुम्ही तो दहा दिवसांनी केलात तरी चालेल. टेम्पो रन (दम लागेल पण टिकवता येईल अशा वेगाचं पळणं) आणि लाँग रन यांच्यात निदान दोन दिवस जाऊ द्या. लाँग रन ७:३० किंवा त्याहून हळू, सलग वाक्यं बोलता येतील असा. सर्वांत लांबचा ३० किलोमीटरचा, शर्यतीच्या तीन आठवडे आधी. एड व्हिटलॉक या ज्येष्ठ धावपटूने २००४ मध्ये वयाच्या ७३व्या वर्षी टोरांटोत फुल मॅरेथॉनला २:५४:४८ अशी वेळ दिली, आणि त्याच्या सरावाचा मोठा भाग संथ पळण्याचाच होता. (त्याचं तीन-तीन तास पळणं मात्र उचलू नका.)

पोटऱ्या आणि टाचेमागची शीर या वयात लवकर कुरकुरतात. एका पायावर टाच उचलून सावकाश खाली आणायचा व्यायाम आठवड्यातून दोनदा कराच. हृदयाचे जास्तीत जास्त ठोके काढायच्या २२० वजा वय या हिशेबावर फार विसंबू नका, त्यात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर (ठोके कमी करणारं औषध) चालू असेल तर तो आकडा निरुपयोगीच. स्ट्रेस टेस्टबद्दल (श्रम करताना हृदयाची तपासणी) डॉक्टरांना आधी विचारा.

शर्यतीत एनर्जी जेल (साखरेचं पाकीट) पाऊण तासाच्या आत सुरू करा, पण सरावात पचवून पाहिलेलंच. पाणी तहानेप्रमाणे प्या. वाटेतल्या प्रत्येक पाण्याच्या टेबलावर ग्लासभर ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, आणि पाच तास रस्त्यावर असणाऱ्या आपल्यासारख्यांना तो धोका जास्त. गुडघा दुखेल या भीतीने आधीच आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेऊन उभे राहू नका, मूत्रपिंडांवर त्या दिवशी तसाही ताण असतो.