घरच्यांचा विश्वास: वही, घास आणि गणपतीचे दिवस

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दापोलीजवळच्या वाडीत सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं) असलेल्या 19 वर्षांच्या मुलाला तुम्ही दिवसभर सांभाळता. आई काजूच्या कारखान्यात जाते, परत आली की उलटतपासणी घेते. आणि गणपतीत मुंबईचे काका सगळं वेळापत्रक मोडतात.

आईला दिवसाचे आठ तास दिसतच नाहीत, म्हणून ती विचारते. ते तास तिला वाचायला द्या. खाटेजवळ वही ठेवा. ‘नीट जेवला’ लिहू नका. ‘पेज अर्धी वाटी, दोनदा ठसका’ असं लिहा. पाणी किती, शौचाला झाली का, औषध किती वाजता, फिट आली तर सुरुवातीची वेळ आणि किती मिनिटं चालली. पाच मिनिटांवर गेली तर आधी 108 ला (रुग्णवाहिकेसाठी), मग आईला फोन.

कंबर, माकडहाड, टाचा रोज बघा. लाल चट्टा बोटाने दाबूनही फिका पडत नसेल तर ती बेडसोरची, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे. आई दारात आल्याबरोबर सांगा. रात्री अंग पुसताना तो चट्टा तिला स्वतःलाच दिसला, तर पुढचे कित्येक महिने तुमचं काहीच खरं वाटणार नाही तिला.

भरवण्यावरून सगळ्यात जास्त बिनसतं. बऱ्याच घरी लहानपणापासून आडवं ठेवून भरवायची सवय असते. त्यात घास श्वासनलिकेत जातो, छातीत कफ होतो, न्यूमोनियापर्यंत जातं. पण ‘तुमचं चुकतंय’ हे आईला तिच्या सासूसमोर, शेजारणीसमोर कधीही म्हणू नका. त्या बाईने 19 वर्षं त्याला जगवलंय. आधी तिला भरवायला सांगून बघा: चमचा कुठल्या बाजूने देते, किती थांबते. त्यातलं बरंच शिकण्यासारखं असतं. मग म्हणा, ‘आठवडाभर बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून देऊया, ठसके मोजूया.’ जेवणानंतर अर्धा तास बसता ठेवा. वहीतले आकडेच तिला पटवतील.

आणि त्याच्याबद्दल जे बोलाल ते त्याच्यासमोर, त्याला विचारून. बोलता येत नसलं तरी बहुतेकदा कळत असतं. फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका.

काकांशी गणपतीच्या आठवडाभर आधी आईनेच फोनवर बोलावं, तुम्ही शेजारी बसा. जागरण झालं किंवा औषधाची वेळ चुकली की फिट येऊ शकते, एवढं स्पष्ट सांगा. आरती, भजन त्याला जरूर ऐकू द्या, झोपेची वेळ पाळून. काकांना एखादं काम सोपवा. पावसाळ्यात घाट बंद पडतो, औषध वेळेवर मिळत नाही. जूनच्या आधी महिनाभराचा साठा आणून द्यायची जबाबदारी त्यांची. काम असलेला माणूस हुकूम कमी सोडतो.

निर्णय कोणाचा, हेही आताच ठरायला हवं. अठरा वर्षांनंतर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. पालकत्व लागलंच तर राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज होतो. बऱ्याच घरांना हे ठाऊकच नसतं. माहिती द्या, अर्ज करायचा की नाही ते त्यांच्यावर आणि मुलावर सोडा.

माशाची वाटी, फणसाचे गरे आनंदाने घ्या. उसने पैसे मात्र घेऊही नका, देऊही नका. सुट्टी पंधरा दिवस आधी सांगा, आणि बदलीच्या बाईला एक दिवस तुमच्यासमोर, आई घरी असताना, जेवणाच्या वेळीच बोलवा.