पेटीचा गांधार तंबोऱ्याशी का भांडतो

प्रश्न असा आहे: तंबोऱ्याचं अ‍ॅप आणि पेटी (हार्मोनियम) दोन्ही पांढरी एकला (म्हणजे पहिल्या पांढऱ्या पट्टीला सा धरून) जुळवली, ट्यूनर सगळे सूर बरोबर दाखवतो, तरी गांधार टोचतो. रीड (आतली सूर देणारी धातूची जीभ) घासून घ्यावी का?

पेटी बिघडलेली नाही. ट्यूनर सप्तकाचे १२०० सेंट (सुरांमधलं अंतर मोजायचं एकक) बारा सारख्या भागांत वाटतो, म्हणून त्याचा शुद्ध गांधार ४०० सेंटवर. तंबोऱ्याच्या खर्जाच्या (खालच्या सा च्या) तारेतून आपोआप ऐकू येतो तो स्वयंभू गांधार मात्र तिचा पाचवा स्वरांश, म्हणजे मूळ सुराच्या पाचपट कंपनांचा सूर. सप्तकात आणला तर सा च्या ५/४ पट, म्हणजे ३८६ सेंट. पंचमात हाच फरक जेमतेम २ सेंटचा, म्हणून तो कुणाला खुपत नाही.

सोप्या हिशोबासाठी सा २४० हर्ट्झ धरा. त्याचा पाचवा स्वरांश १२००. पेटीचा गांधार ३०२.४, त्याचा चौथा स्वरांश साधारण १२०९.५. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला साडेनऊ ठोके पडतात, ती थरथर कानाला टोचते. गांधार ३०० वर आणला की ती थांबते.

घासायचंच असेल तर रीडच्या मोकळ्या टोकाशी घासल्यास सूर चढतो, रिव्हेटकडच्या बुडाशी घासल्यास उतरतो. तुम्हाला उतरवायचाय, म्हणजे बुडाशी. जिभेखाली पातळ पोलादी पट्टी सरकवा, दोन-तीन हलके हात मारा, रीड निवू द्या, पेटीत बसवून नेहमीच्या भात्यावर तपासा. कीस कडेला अडकला तर सूर भर्र वाजतो. खर्ज (खालच्या सप्तकाचा) आणि नर (मधल्या सप्तकाचा) या रीडच्या दोन्ही संचांतला गांधार उतरवा, नाहीतर ते आपसातच भांडतील.

पण खरी अडचण पुढे आहे. पांढरी एकला रे २०४, ग ३८६, प ७०२, ध ८८४ अशी पेटी लावलीत आणि उद्या पांढरी दोनला सा धरलात, तर पंचम येतो पांढरी सहावर: ८८४ वजा २०४, म्हणजे ६८०. बावीस सेंट उतरलेला पंचम लहान मूलही ओळखेल. स्केलचेंजरनेही (पट्ट्या सरकवून सा बदलायची सोय) हे सुटत नाही, पट्ट्या सरकतात पण रीड जागच्या जागीच राहतात. शिवाय दरबारी रागाचा आंदोलित (झुलता) कोमल गांधार कुठल्याच एका आकड्यावर बसत नाही, तो प्रश्न घासून मिटणारा नाही.

तेव्हा पेटी फक्त तुमच्या रियाजाची आणि सा कायमचा एकच असेल तर खुशाल लावून घ्या. चार गायकांच्या साथीला जात असेल तर हात लावू नका. गांधारावर थांबायची वेळ आली की पट्टीवरचं बोट उचला, सूर तंबोऱ्याकडून घ्या.