सरांच्या नावाची शिष्यवृत्ती : एफडी मोडू की सासऱ्यांचे विप्रोचे शेअर्स विकू?

अमळनेरहून एका निवृत्त शिक्षिकाबाईंचा मोठा मेसेज आलाय, आधी तो थोडक्यात सांगतो. वय ६७. मिस्टर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे, तीन वर्षांपूर्वी गेले. पेन्शन महिन्याला ३८ हजार, बँकेत २२ लाखांची एफडी, सीनियर सिटिझन स्कीममध्ये १५ लाख, घर स्वतःचं, कर्ज नाही. शिवाय सासऱ्यांनी घेऊन ठेवलेले विप्रोचे शेअर्स, आता बाईंच्या डीमॅटला, आजच्या भावानं १२ लाखांच्या आसपास. त्यांना सरांच्या नावानं एमएस्सी केमिस्ट्रीत पहिल्या येणाऱ्याला दरवर्षी गोल्ड मेडल द्यायचंय. त्यासाठी १२ लाखांची एफडी मोडून कॉलेजला एकदाच ठेव देऊन टाकायची आणि शेअर्स सासऱ्यांची आठवण म्हणून मुलासाठी ठेवायचे, असं जवळपास ठरलंय. मुलगा पुण्यात आहे. लेक अमेरिकेत, तिनं तिथलं नागरिकत्व घेतलंय, ती पण ५ लाख घालते म्हणतेय. बाईंचं विचारणं असं की हे बरोबर आहे का आणि टॅक्समध्ये काय फायदा होईल.

बाई, द्यायचं हे नक्की करा, त्यात मला जराही शंका नाही. फक्त एफडीला हात लावू नका, शेअर्समधून द्या, मेडलऐवजी शिकतानाच्या खर्चाला पैसे द्या, आणि कायमची ठेव करायच्या मागे निदान सुरुवातीला तरी लागू नका.

आधी ठेवीचंच बोलू. माझ्याकडे जळगावातलं एक कुटुंब आहे, त्यांनी १९९६ साली आजोबांच्या नावानं एका संस्थेत २० हजारांची ठेव ठेवली होती, व्याजातून दोन मुलांना बक्षीस. तेव्हा एफडीला १२-१३ टक्के मिळायचे म्हणजे अडीच हजार यायचे, त्या काळात ती एका पोराची वर्षभराची पुस्तकं होती. हल्ली साडेसहा टक्क्यांनी १३०० येतात, दोघांत वाटून साडेसहाशेचा चेक. नातू तो कार्यक्रमाचा फोटो घेऊन आला होता माझ्याकडे, चेकवरचा आकडा दिसू नये म्हणून त्या मुलानं अंगठा ठेवलेला होता त्यावर. संस्थेचा काहीच दोष नाही हो यात, त्यांनी इमानदारीनं ठेव सांभाळली, मुद्दल जसंच्या तसं आहे. पण मुद्दल तेवढंच राहतं आणि महागाई काही थांबत नाही.

आता तुमच्या १२ लाखांवर हेच लावा. ७ टक्के धरले तर वर्षाला ८४ हजार व्याज, ऐकायला छान वाटतं. सगळंच व्याज दरवर्षी वाटलं आणि महागाई ६ टक्के धरली तर पंधराव्या वर्षी तेच ८४ हजार आजच्या जेमतेम ३७ हजारांएवढे उरतील. महागाई भरून निघेल इतकं व्याज परत ठेवीत टाकायचं म्हटलं तर वाटायला वर्षाला १२ हजारच हातात राहतात, कारण ७ मधून ६ गेले. म्हणजे यावच्चंद्रदिवाकरौ चालणारी शिष्यवृत्ती १२ लाखांत होत नाही, होते ती नावापुरती.

याच्या उलट करून बघा. ठरवून टाका की सरांची शिष्यवृत्ती पंधरा वर्षं चालेल आणि त्यात मुद्दलही संपेल. पहिल्या वर्षी ८५ हजार, मग दरवर्षी ६ टक्के वाढवत जायचं, तरी त्याच ७ टक्क्यांच्या हिशोबानं १२ लाख पंधरा वर्षं पुरतात, शेवटच्या वर्षी १ लाख ९२ हजार द्याल आणि त्या वर्षीच्या विद्यार्थ्यांना ते आजच्या ८५ हजारांइतकेच उपयोगी पडतील. पंधरा वर्षं खरीखुरी मदत की शंभर वर्षं नुसतं नाव, यात मी तरी डोळे झाकून पंधरा वर्षं घेईन. संस्था शक्यतो ठेव ठेवून व्याजातून बक्षीस हीच पद्धत घेतात कारण हिशोबाला सोपी, म्हणून हे तुम्हाला कोणी आपणहून सुचवणार नाही.

आता मेडल. मेडल मिळतं निकाल लागल्यावर, पदवीदानाला, तेव्हा शिक्षण संपलेलं असतं. कापसाला बोंड धरताना पाणी लागतं, वेचणी झाल्यावर देऊन काय उपयोग. एमएस्सीच्या पोरापोरींचा खरा तिढा जुलै ते सप्टेंबर असतो, ॲडमिशन फी, रूमचं डिपॉझिट, मेसचा ॲडव्हान्स सगळं एकदम अंगावर येतं आणि घरी त्या दिवसांत बियाणं-खतात पैसा अडकलेला, कापूस घरात यायला दिवाळी उजाडते. विद्यापीठाजवळ मेस चालवणाऱ्या एका मावशींचा हिशोब मी बघतो, त्यांच्या वहीत नावापुढं 'दोन टाइम' किंवा 'एक टाइम' लिहिलेलं असतं. एक टाइमवाल्यांत मुलीच जास्त, चोपडा, शिरपूर, शहाद्याकडच्या. मावशी म्हणतात की ह्या पोरी दुपारचं जेवतात आणि त्यातल्याच दोन पोळ्या डब्यात घालून संध्याकाळसाठी नेतात. बाई, तुमचे पैसे त्या 'एक टाइम'चं 'दोन टाइम' करायला जावेत असं मला फार मनापासून वाटतं.

आणि एमएस्सीच का, तर तुम्ही सहज निवडलंत ते पण अगदी योग्य जागी बसतंय. पहिल्या पदवीसाठी आता बऱ्या योजना आहेत, अझीम प्रेमजी फाउंडेशन सरकारी शाळेत शिकलेल्या मुलींना पदवी-डिप्लोमासाठी वर्षाला ३० हजार देतं, पण ती योजना पहिल्या पदवीपुरती. परदेशी जाणाऱ्यांसाठी १८९२ पासूनची जे. एन. टाटा एन्डाउमेंट आहे, ती कर्जरूपानं देते, परत आलेला पैसा पुढच्यांना जातो (हे मॉडेल सुंदर आहे, पण वसुली करायला माणसं लागतात, आपल्याला घरबसल्या नाही जमायचं). पीएचडीला जेआरएफ (परीक्षा देऊन मिळणारी सरकारी संशोधन फेलोशिप) निघाली तर २०२३ पासून महिना ३७ हजार मिळतात, पोरगं मार्गी लागतं. मधली एमएस्सीची दोन वर्षं मात्र कोरडी जातात, जे काय मिळतं ते बहुतेक सरकारी शिष्यवृत्तीतूनच आणि ती कधी खात्यावर पडेल ते कुणी छातीठोक सांगू शकत नाही.

म्हणून ८५ हजारांचे दोन भाग करा, एक पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला, एक दुसऱ्या वर्षाच्या, आणि पहिल्या वर्षी जिला निवडलं तिलाच पुढच्या वर्षीही द्यायचं, पास होत राहिली की झालं, परत अर्ज नको. पहिल्या वर्षी दोन्ही वर्गांतून एकेक निवडा, मग आपोआप साखळी चालू राहील. साडेबेचाळीस हजार म्हणजे दहा महिन्यांचे महिना सव्वाचार हजार, मेस आणि रूमचा हिस्सा निघतो. नुसते मार्क बघू नका, ६० टक्क्यांच्या वर कोणीही, त्यात घरची परिस्थिती आणि घरात पहिल्यांदाच इतकं शिकतंय का हे आधी. काही सरकारी योजनांत दुसरी शिष्यवृत्ती एकाच वेळी घेता येत नाही, त्यामुळे पत्रात 'राहणे, जेवण व पुस्तकांसाठी मदत' असं स्पष्ट लिहा आणि ते पत्र कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागाला एकदा आधी दाखवून घ्या, नाहीतर द्यायला गेलो एक आणि तिची सरकारी गेली असं व्हायचं.

आता पैसा कुठून. बाई, २२ लाखांची एफडी म्हणजे तुमचे दवाखान्याचे पैसे आहेत. मेसेजमध्ये मेडिक्लेमचा उल्लेख नाही, म्हणजे बहुतेक नसावा, आणि ६७ व्या वर्षी नाशिकला किंवा पुण्याला एकदा नीट ॲडमिट व्हायची वेळ आली तर ६-८ लाख कुठे जातात कळत नाही. त्यातले १२ काढले तर उरले १०, आणि तुमची सगळी वाढ एका कंपनीच्या भावावर. हे मी माझ्या आईलाही करू दिलं नसतं.

विप्रोबद्दल अमळनेरच्या माणसाला काय वाटतं हे मी जाणून आहे. १९४५ साली तुमच्याच गावात तेल-वनस्पतीची कंपनी निघाली आणि ज्यांनी ते कागद पेटीत जपून ठेवले त्यांच्या घरांचं सोनं झालं, ते सगळं खरं. पण आज ती एक आयटी कंपनी आहे, वर जाते तशी खाली येते. आणि तुमच्या गावात गिरणीमालक प्रताप शेठजींनी १९१६ ला तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं, गिरणीचा पैसा शिक्षणात घालायची रीत तिथं जुनीच आहे, सासऱ्यांचे शेअर्स सरांच्या नावानं पोरींच्या शिक्षणाला गेले तर त्यांची आठवण पुसली जाईल असं मला नाही वाटत. हवं तर थोडे, २ लाखांचे वगैरे, मुलासाठी बाजूला ठेवा, शिष्यवृत्ती अडीच-तीन वर्षं कमी चालेल इतकंच.

टॅक्सचं आता ऐका, कारण इथं बरेच जण फसतात. तुमचं पेन्शन ४ लाख ५६ हजार, एफडीचं व्याज दीड लाख, सीनियर सिटिझनचं ८.२ टक्क्यांनी सव्वा लाख, सगळं मिळून साडेसात लाखांच्या आत. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत रिबेट आहे म्हणजे तुम्हाला टॅक्सच नाही, आणि नव्या प्रणालीत ८०जी, म्हणजे देणगीवरची करसवलत, मिळतही नाही. म्हणजे देणगीवर सवलत मिळेल म्हणून घाईनं मोठी रक्कम द्यायचं तुम्हाला काहीच कारण नाही. ८०जी डोक्यातून काढून टाका, मग कितीतरी गोष्टी सोप्या होतात.

शेअर्स विकल्यावरचा नफा मात्र त्या रिबेटमध्ये बसत नाही, त्याला वेगळा नियम. वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा दीर्घकालीन नफा माफ, त्याहून जास्तीच्या नफ्यावर साडेबारा टक्के. सगळे १२ लाखांचे एकदम विकले तर उगीच टॅक्स भराल. दरवर्षी सव्वा लाखाचे विकले तर सगळीच रक्कम नफा धरली तरी टॅक्स शून्य. प्रत्यक्षात नफा त्याहून कमी निघेल, कारण ३१ जानेवारी २०१८ च्या आधीच्या शेअर्सना त्या दिवशीचा भाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो. उलट २०१९ आणि २०२४ च्या बोनसमध्ये कंपनीकडून फुकट आलेल्या शेअर्सची खरेदी किंमत शून्य. डीमॅटमधून जुने आधी विकले गेले असं धरतात, त्यामुळे सुरुवातीची काही वर्षं सव्वा लाखापेक्षा जास्तीचे विकूनही नफा मर्यादेत राहू शकतो, तो हिशोब सीएकडून एकदा कागदावर मांडून घ्या. विकून आलेल्यातून ८५ हजार वाटायचे, वरचे वेगळ्या एफडीत, म्हणजे दोनेक वर्षांची शिष्यवृत्ती नेहमी हाताशी राहील आणि बाजार पडला त्या वर्षी पोरीचे पैसे अडकणार नाहीत. शेअर्सच थेट संस्थेला द्यायचा विचार करू नका, त्यांना ते मुदतीत विकावेच लागतात, डीमॅट लागतं, नुसता घोळ.

लेकीचे ५ लाख. ती आता अमेरिकन नागरिक आहे, तिचा पैसा संस्थेला गेला तर ती परदेशी देणगी ठरते आणि संस्थेकडे एफसीआरए नोंदणी (परदेशी देणगी घ्यायची सरकारी परवानगी) नसेल तर घेता येत नाही. आणि कोणी म्हणेल की आईच्या खात्यावर टाक, आई पुढे देईल, तर ते अजिबात करू नका, हात बदलला तरी पैसा परदेशीच राहतो. लेकीला सांगा की तू आईच्या औषधपाण्याचं बघ, मेडिक्लेम मिळत असेल तर त्याचा हप्ता भर, म्हणजे आई स्वतःचा पैसा निर्धास्त देईल. नात्यातली मदत आहे, सरळ आहे, आणि तुमची एफडी अजून घट्ट होते.

स्वतःचा ट्रस्ट काढू नका. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी ऑडिट, रिटर्न, एवढ्या रकमेला हे परवडत नाही. पहिली तीन वर्षं साधं करा, केमिस्ट्रीच्या विभागप्रमुखांना आणि सरांच्या एखाद्या जुन्या सहकाऱ्याला मिळून नावं निवडायला सांगा, नात्यातलं कोणी नको, आणि पैसे तुमच्या खात्यातून थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर दोन हप्त्यांत, जुलै आणि डिसेंबर. शिक्षणाच्या खर्चासाठीची शिष्यवृत्ती करमुक्तच असते, शिवाय रक्कम ५० हजारांच्या आत आहे, म्हणजे कुणी त्याला भेट म्हटलं तरी तिच्या डोक्याला ताप नाही. चेकचा फोटो, सत्कार वगैरे तिला नको असेल तर आग्रह धरू नका.

तीन वर्षांनी नीट चाललंय असं दिसलं तर कॉलेजशी लेखी करार करून राहिलेली रक्कम तिकडे द्यायची का ते ठरवा, तेव्हा मुद्दलही वापरायची मुभा, दरवर्षी वाढ, आणि उद्या तो कोर्सच बंद पडला तर पैसा कोणत्या विषयाला जाईल, हे तिन्ही त्यात आलंच पाहिजे.

मृत्युपत्र याच महिन्यात करा. त्यात लिहा की शिष्यवृत्तीसाठी बाजूला काढलेले शेअर्स आणि ती वेगळी एफडी तुमच्या पश्चात याच कामाला जाईल, कुणी द्यायची, किती वर्षं. डीमॅटला मुलगा नॉमिनी असेल तर तो फक्त सांभाळणारा, मालक ठरतो मृत्युपत्रानं. म्हणून पुण्याला फोन करून मुलाला हे सगळं आधी सांगा, त्याच्या अपरोक्ष नको. तो हो म्हणाला की पहिली विक्री ३१ मार्चच्या आत करा आणि दुसरी एप्रिलमध्ये, म्हणजे दोन आर्थिक वर्षांची सव्वा-सव्वा लाखाची सूट वापरली जाईल आणि येत्या जुलैचे पैसे खात्यावर तयार राहतील.