दुपारी दोन वाजता घर दाखवा म्हणावं

प्रश्न : काका नमस्कार. मानेवाडा-बेसा रोडकडे एक रीसेल टू बीएचके पाहिला आम्ही. बारा वर्षं जुनी फ्लॅट स्कीम, एकूण सहाच फ्लॅट, आमचा तिसऱ्या माळ्यावर, वर डायरेक्ट गच्ची. ब्रोकरने संध्याकाळी सातला दाखवला, सगळे लाइट लावून, एकदम ताजा पेंट, पंधरा मिनिटात खाली. बायकोला किचन खूप आवडलं. आता ब्रोकर रोज फोन करून राहिला की दुसरी पार्टी तयार आहे, रविवारपर्यंत पन्नास हजार बयाना द्या. आम्ही दोघंही नोकरीवाले, बांधकामातलं काही समजत नाही. घर पाहायला गेल्यावर नेमकं पाहायचं काय असतं? — एक वाचक, नागपूर

उत्तर : सगळ्यात आधी तो रविवार डोक्यातून काढा बावा. दुसरी पार्टी प्रत्येक फ्लॅटला असते, मी पस्तीस वर्षं साइटवर काढली पण ती पार्टी मला कधी भेटली नाही. ब्रोकरला एवढंच सांगा की घर आवडलं, पण परत एकदा पाहायचं आहे आणि ते दुपारी दोन वाजता. तो म्हणेल काहून, उन्हात काय पाहता? म्हणू द्या.

आता माझंच सांगतो. सिव्हिल इंजिनियर असून फसलो मी. जानेवारीत फ्लॅट पाहिला, सकाळी दहाचं कोवळं ऊन, बेडरूम पश्चिमेला, खिडकीतून मस्त उजेड, घेऊन टाकला. मे महिन्यात कळलं की ती पश्चिमेची भिंत दुपारपासून तापते आणि रात्री एक वाजेपर्यंत आपल्याच अंगावर गरमी सोडत राहते, वरचा स्लॅब तर तव्यासारखा, आणि कुलर लावावा म्हटलं तर दुसऱ्या खिडकीच्या पुढे हातभर अंतरावर शेजारच्या स्कीमची भिंत! दोन उन्हाळे आम्ही सगळे हॉलमध्ये ओळीने झोपलो. ज्या गावात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ ला गेला त्या गावात घर थंडीत पाहून घेऊ नये, आणि घ्यायचंच झालं तर निदान दुपारी पाहावं.

तर दुपारी गेल्यावर आधी गच्चीवर जा. तुमचा टॉप फ्लोअर आहे म्हणून हे जास्त. चप्पल काढायची गरज नाही, पाय भाजेल. गच्चीला वॉटरप्रूफिंग कधी केलं ते विचारा, भेगांमधून गवत उगवलं का पाहा, पाइपाच्या तोंडाशी माती साचली का पाहा. पाणी गच्चीवर तुंबत असेल तर त्याची काळपट गोल डागं उन्हाळ्यातही दिसतात. मग खाली येऊन त्या डागाच्या बरोबर खाली तुमची कोणती खोली येते ते मनाशी जुळवा आणि तिथलं सीलिंग नीट पाहा. एक साधी युक्ती आहे, मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरायचा, समोरून मारायचा नाही. आडव्या उजेडात फुगलेला पोपडा, पुट्टी मारून बुजवलेली भेग, सगळं सावलीसकट वर येतं. ताज्या पेंटचा वास येत असेल तर हे दुप्पट लक्ष देऊन करा, आणि फक्त एकाच भिंतीला किंवा एकाच कोपऱ्याला नवीन रंग असेल तर तिथे काय होतं हे सरळ तोंडावर विचारा. सीलिंगवर तांबूस डाग असतील तर आतली सळई गंजायला लागली समजा, ते काम पेंटरच्या हातचं नाही.

मग जे कुणीच करत नाही ते करा, दुसऱ्या माळ्यावर जाऊन बेल वाजवा. "काकू, आम्ही वरचा फ्लॅट घेऊन राहिलो, जरा तुमच्या बाथरूमचं छत पाहू का" म्हणायचं. आपल्या नागपुरात कोणी नाही म्हणत नाही, उलट चहा पाजतील. तुमच्या संडास-बाथरूमचं लीकेज तुमच्या घरात दिसतच नसतं, ते खालच्याच्या छताला दिसतं, आणि उद्या भांडण तुमच्याशी होणार आहे, जुन्या मालकाशी नाही. त्याच चहात पाण्याचंही विचारून घ्या : नळ किती वाजता येतो, किती वेळ, बोअर मे महिन्यात चालते का, टँकर बोलवावा लागतो का, मेंटेनन्स कोण देत नाही. ब्रोकर जे तासभर सांगणार नाही ते काकू दहा मिनिटात सांगतात.

पाण्याचं थोडं अजून. घरात गेल्यावर किचनचा नळ, बाथरूमचा नळ आणि फ्लश तिन्ही एकाच वेळी सुरू करा. टॉप फ्लोअरला टाकी डोक्यावरच असते म्हणून प्रेशर बऱ्याचदा रडकं असतं. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओता आणि ते जाळीकडे जातं की दाराकडे येतं ते पाहा. नळाच्या तोंडाला पांढरा थर असेल तर बोअरचं पाणी जड आहे, गिझर आणि फिल्टरवर खर्च होईल. आणि बाकी शहरांतले लोक हसतील, पण आपल्याला कुलरची खिडकी पाहावीच लागते. कुलर बाहेरची हवा ओढतो, त्यामुळे खिडकी उघड्या बाजूला पाहिजे, डक्टमध्ये (पाइपांच्या बंदिस्त बोळीत) नाही, बाहेर स्टँड बसेल एवढी जागा पाहिजे, आणि मोठा कुलर दिवसाला सहज पन्नास-साठ लिटर पाणी पितो, ते रोज बादलीने भरणार की पाइप नेणार तेही पाहा. जुन्या मालकाने कुलर लावला होता तर त्या खिडकीखालची भिंत हाताने चेपून पाहा, चार महिने ती ओलीच राहिलेली असते.

टाइल्स किल्लीने ठोका, पोकळ आवाज आला तर खाली मसाला सुटला. सगळ्या खिडक्या-दारं उघडून लावून पाहा. एमसीबीचा (मेन स्विचचा) डबा उघडून अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनला दाखवा, पाचशे रुपये घेईल, देऊन टाका.

सहा फ्लॅटची स्कीम म्हणजे बहुतेक तीन हजार फुटाच्या प्लॉटवर असेल. प्लॉट पाचशे चौरस मीटरच्या आत असला किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसले तर रेराची (बांधकाम प्रकल्पांच्या कायद्याखालची) नोंदणी बंधनकारक नसते, म्हणजे महारेराच्या साइटवर शोधून काही सापडणार नाही आणि कागद तुम्हालाच तपासावे लागतील. मंजूर नकाशा मागा आणि त्यावर तिसरा माळा आहे का ते आधी पाहा, हसू नका, नसतो कधीकधी. डीड ऑफ अपार्टमेंट (फ्लॅटच्या मालकीचा दस्त), आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) किंवा सातबारा, टॅक्स पावती, आणि वकिलाकडून मालकीच्या तीस वर्षांच्या नोंदींचा सर्च. खाली "ही पार्किंग तुमची" म्हणून वेगळे पैसे मागत असतील तर देऊ नका, स्टिल्ट (इमारतीखालची खांबांमधली) पार्किंग ही फ्लॅटसारखी वेगळी विकायची वस्तू नाही हे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलं आहे. कोणाची गाडी कुठे लागते ते मात्र रात्री नऊला जाऊन स्वतः पाहा.

आणि बयाना द्यायचाच झाला तर चेकने, बयानापत्र लिहून, त्यात "टायटल क्लिअर नसल्यास किंवा लोन नामंजूर झाल्यास बयाना परत" ही ओळ टाकूनच.

प्रश्न : आम्ही हुडकेश्वरकडे स्वतंत्र घर पाहिलं, प्लॉटचं आरएल (नियमित झाल्याचं पत्र) आहे म्हणतात. भिंतींना थोड्या भेगा आहेत. मालक म्हणतो काळी माती आहे, नागपुरात सगळ्यांच्याच घराला असतात. खरं का?

उत्तर : अर्धं खरं. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, पाया मुरमापर्यंत नेला नसेल तर घर दरवर्षी तिच्याबरोबर वर-खाली होतं. प्लास्टरवर केसासारख्या बारीक जाळीदार भेगा असतील तर चिंता नाही. पण दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, विटांच्या थरांसारखी पायऱ्या-पायऱ्यांनी चढलेली किंवा आतून-बाहेरून एकाच जागी दिसणारी भेग असेल आणि तिच्यात रुपयाचं नाणं जात असेल तर स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. घराच्या भिंतीला लागून मोठं झाड आहे का तेही पाहा, ते मुळांनी एकाच बाजूची माती सुकवतं.

आरएल फक्त प्लॉटचं असतं. एनआयटीकडे (नागपूर सुधार प्रन्यासकडे) डेव्हलपमेंट चार्जेस भरून प्लॉट नियमित झाला एवढाच त्याचा अर्थ, वर बांधलेल्या घराचा नकाशा मंजूर आहे असा नाही. लोक इथेच गडबडतात. आरएलची झेरॉक्स घेऊन एनआयटीच्या ऑफिसात खरी आहे का विचारा, नकाशा वेगळा मागा, आणि गडर (सांडपाण्याची) लाइन रस्त्यात आलेली आहे की सेप्टिक टँकवर चाललं आहे तेही विचारा.

प्रश्न : अंबाझरीकडे ग्राउंड फ्लोअर स्वस्त मिळून राहिला. घ्यावा का?

उत्तर : २३ सप्टेंबर २०२३ आठवते ना? पहाटे तलाव ओव्हरफ्लो झाला आणि नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत लोकांच्या बेडरूममध्ये शिरलं, चांगली महागडी वस्ती ती. स्वस्त काहून आहे ते तिथल्या चौकीदाराला विचारा, पाणी कुठपर्यंत चढलं होतं ते तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल. इलेक्ट्रिक मीटर आणि स्विचबोर्ड त्या खुणेच्या वर आहेत का, फर्निचरच्या पायाचं प्लाय फुगलेलं आहे का, रस्ता घराच्या जोत्यापेक्षा उंच झाला आहे का हे पाहा. दरवेळी डांबरावर डांबर चढतं नं आपल्याकडे.

प्रश्न : ब्रोकर हजार फूट म्हणतो, आम्ही टेप लावला तर सहाशे ऐंशी भरलं. फसवणूक का?

उत्तर : तो सुपर बिल्टअप सांगून राहिला, जिना-लिफ्ट-पॅसेज सगळं तुमच्या डोक्यावर. तुम्ही कार्पेटवर, म्हणजे घराच्या आतल्या जागेवर, भाव करा. रेराच्या व्याख्येत कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. सहाशे ऐंशीने किंमत भागा आणि मग शेजारच्या स्कीमशी तुलना करा.

प्रश्न : घर बायकोच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटी कमी लागते का?

उत्तर : हाव, महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून राहत्या घरावर बाईमाणसाला एक टक्का सूट आहे, पन्नास लाखावर पन्नास हजार वाचतात. पण नावावर फक्त तीच पाहिजे, सोबत नवऱ्याचं नाव जोडलं की सूट गेली, म्हणून हे बोलणं रजिस्ट्रीच्या दिवशी वकिलाच्या टेबलावर नको, आधी घरीच करून घ्या.