कार्बनच्या हँडलबारला 'मुदत' नसते

दहा वर्षे वापरलेल्या सायकलच्या कार्बन (कार्बन-तंतूंच्या) हँडलबारची मुदत संपली, आता ॲल्युमिनियमचा बसवा, असे तुम्हाला दुकानात सांगितले गेले. नेमके हेच मलाही ऐकवले गेले होते, म्हणून सविस्तर लिहितो.

पोलादावर ठरावीक मर्यादेखालचा ताण कितीही वेळा आला तरी ते सहसा थकत नाही, म्हणजे वारंवारच्या ताणाने कमजोर होऊन तडकत नाही. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही. लहान हादरेही त्याच्या हिशेबात जमा होत राहतात. कार्बनची थकवा सोसण्याची क्षमता ॲल्युमिनियमपेक्षा सरस असते, त्यामुळे निव्वळ वयाचे कारण देऊन केलेली ही अदलाबदल मला उफराटी वाटते. कार्बनचा घात होतो तो आघाताने आणि वाजवीपेक्षा जास्त आवळण्याने.

माझ्या हँडलबारचे तेच झाले. स्टेमवर (हँडलबार धरून ठेवणाऱ्या तुकड्यावर) ५ न्यूटन-मीटर ही आवळण्याच्या जोराची मर्यादा ठळक छापलेली असूनही एका कार्यशाळेत त्याचे बोल्ट टॉर्क रेंचशिवाय (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याशिवाय), हाताच्या अंदाजाने आवळले गेले. पुढे फेसप्लेट (स्टेमची हँडलबार दाबून धरणारी पुढची पट्टी) काढली तेव्हा हँडलबारवर तिच्या कडेलगत केसासारखी बारीक रेघ दिसली आणि अंगठ्याने दाबताच तिथला भाग किंचित आत गेला. कार्यशाळेने वयाकडे बोट दाखवले. उत्पादकाच्या सेवा विभागाने 'वापरातील दोष' म्हणून दावा फेटाळला, बोल्ट कोणी आवळले हे विचारलेसुद्धा नाही, आणि लेखी कारण मागूनही दिले नाही. ज्याच्याकडे टॉर्क रेंच नाही त्याच्या हाती कार्बनचा भाग देऊच नये, या मतावर मी आजही ठाम आहे.

तुम्ही आधी हँडलबारवर गुंडाळलेली टेप उतरवा, फेसप्लेट काढा आणि ब्रेक लीव्हरच्या पट्ट्यांखालची जागाही पाहा. नाण्याने ठोकल्यावर बद्द आवाज आला तर संशय घ्यावा, पण खणखणीत आवाज म्हणजे निर्दोषपणाची हमी नव्हे. मी अभियंता नाही आणि छायाचित्रावरून कोणीच खात्री देऊ नये. सायकल जोरात आपटली असेल तर अल्ट्रासाउंड तपासणी करा, नाहीतर हँडलबार बदला. जोरात आपटलेल्या धातूलाही हाच नियम लावा: २००६ च्या पॅरिस-रुबे शर्यतीत सायकलपटू जॉर्ज हिंकॅपीच्या सायकलीचा मोडलेला स्टिअरर (पुढच्या फोर्कची स्टेममध्ये बसणारी नळी) ॲल्युमिनियमचाच होता.

जाता जाता, फ्रेम कार्बनची आणि सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) ॲल्युमिनियमचा असेल तर तो अधूनमधून काढून पुसत जा, कारण घामाच्या क्षाराने त्या जोडात ॲल्युमिनियम गंजते आणि सीटपोस्ट असा अडकतो की काढताना फ्रेमच तडकू शकते.