गॅस प्लांटवर पोस्टिंग मिळालंय ना, मग हे वाच

अरे,

तुझा मेसेज वाचला. गॅसवर वीज बनवणारा हा प्लांट निम्मा वेळ बंदच असतो, तिथे शिकायला काय मिळणार, असं तुला वाटतंय. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. महिन्याला किती युनिट वीज काढली यावरून गॅस प्लांट जोखायचाच नसतो, बोलावलं तेव्हा किती वेळात हजर झाला ते बघायचं. संध्याकाळी सोलर झपाट्याने उतरतं आणि नेमका तेव्हाच लोड, म्हणजे विजेची मागणी, चढतो, कोळशावर चालणारं युनिट थंड पडलेलं असेल तर त्याला उठायला कित्येक तास लागतात, आणि ओपन सायकल गॅस टर्बाइन (हे काय ते पुढे सांगतो) साधारण 10 ते 20 मिनिटांत फुल लोडला येतं. त्या अर्ध्या तासात आख्खा प्रदेश तुमच्या तोंडाकडे बघत असतो.

आता ओपन सायकल म्हणजे काय तर टर्बाइनमधून बाहेर पडणारा 600 डिग्रीच्या आसपासचा गरम वायू सरळ चिमणीतून सोडून द्यायचा. तोच बॉयलरमधून फिरवून वाफ केली, तिच्यावर दुसरं टर्बाइन चालवलं की झालं कंबाइन्ड सायकल. जर्मनीतल्या इर्शिंगच्या युनिटने 2011 मध्ये 60 टक्क्यांच्या वर एफिशियन्सी दाखवली ती अशीच. पण एफिशियन्सी आली की चपळाई थोडी जाते, कारण बॉयलरचा जाड ड्रम आणि स्टीम टर्बाइनचा रोटर हळूहळूच तापवावे लागतात, घाई केलीस तर धातूला तडे जातात. शिफ्टमधली निम्मी भांडणं यावरूनच होतात, लोड डिस्पॅचवाले, म्हणजे कुठल्या प्लांटने किती वीज द्यायची ते ठरवणारे, म्हणतात लवकर चढवा, आपण म्हणतो थांबा.

कंट्रोल रूममध्ये मेगावॉटचा आकडा सगळेच बघतात, तू एक्झॉस्टच्या, म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान मोजणाऱ्या, थर्मोकपलकडे बघत जा. ते गोलाकार बसवलेले असतात आणि सगळ्यांचं तापमान जवळजवळ सारखं यायला हवं. एखाद्या बाजूचं घसरायला लागलं तर कुठला तरी बर्नर नीट जळत नाहीये, नाहीतर थर्मोकपलच गेलाय. आणि एक गंमत सांगतो, थंड जागा जिथे दिसते तिथेच बर्नर खराब असतो असं नाही, कारण वायू टर्बाइनमधून येताना पीळ घेत येतो, किती फिरतो ते लोडवर ठरतं. ओइएमच्या, म्हणजे टर्बाइन बनवणाऱ्या कंपनीच्या, मॅन्युअलमध्ये त्याचा चार्ट असतो, सिनियरच्या मागे लागून तो समजून घे. उन्हाळ्यात गरम हवा विरळ होते म्हणून आउटपुट पडतं, तेही ऐन मागणीच्या वेळी, तेव्हा घाबरून फॉल्ट शोधत बसू नकोस.

खरा कच्चा दुवा मात्र गेटच्या बाहेर असतो. कोळशाचा ढीग यार्डात दिसतो, गॅस पाइपमधून येईल तसा जाळायचा. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्ससमध्ये कडाक्याच्या थंडीत विहिरी आणि उपकरणं गोठली, गॅस कमी पडला, प्लांट बंद पडले, म्हणून लोडशेडिंग केलं, तर त्यात गॅस उपसणाऱ्या आणि पुढे ढकलणाऱ्या काही ठिकाणांचीच लाइट गेली, कारण ती महत्त्वाच्या ग्राहकांच्या यादीत नव्हती! मग गॅस अजूनच कमी. तिकडे ग्रिड 60 हर्ट्झची, वीज मागणीपेक्षा कमी पडली की ही फ्रिक्वेन्सी घसरते, 15 तारखेच्या पहाटे फ्रिक्वेन्सी 59.4 च्या खाली चार मिनिटांहून जास्त वेळ राहिली, नऊ मिनिटं राहिली असती तर आणखी बरेच जनरेटर आपोआप ट्रिप झाले असते.

त्यामुळे पहिल्या आठवड्यातच विचारून घे, आपल्या पाइपलाइनवरचे कंप्रेसर विजेवर चालतात की गॅसवर, विजेवर असतील तर कुठल्या फीडरवर, म्हणजे कुठल्या वीजवाहिनीवर, आहेत, आणि गॅसचं प्रेशर पडलं तर डिझेलवर जाता येतं का. येत असेल तर ती अदलाबदल शेवटची कधी करून बघितली होती तेही विचार. उत्तरं मिळाली की फोन कर, रविवारी निवांत बोलू.