पोस्टिंग ह्यांची, राजीनामा माझा?

साताऱ्यात समुपदेशन करायचं म्हणजे फौजी घरं येणारच, ज्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गावच आहे तिथे दुसरं काय होणार. या घरातल्या बायकांचा एक प्रश्न वारंवार येतो. ह्यांची पोस्टिंग आली, आता नोकरी सोडायची, दरवेळी हेच, मग मी शिकले कशाला?

एक केस सांगते, तपशील बदललेत. हिला वैशाली म्हणू. जीएनएम नर्स, प्रायव्हेट हॉस्पिटलात आयसीयूला, नवरा हवालदार. आधी बेळगाव आणि मग झाशी, दोन्ही वेळा हातातलं काम सोडून गेली, मग नवरा फील्डला, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी गेला तशी पोरांना घेऊन साताऱ्यात आली, नोकरी धरली, नाइट करून करून इन्चार्ज झाली, आणि ऑक्टोबरात फोन, जालंधर, पीस पोस्टिंग आहे, फॅमिली आणता येईल. माझ्याकडे आली ती मोबाईलमध्ये राजीनामा टाइप करूनच. म्हणे मॅडम, जरा चांगल्या शब्दांत करून द्या.

मी विचारलं, सोडायला सांगितलं कुणी? तर कुणीच नाही! नवरा बोलला नव्हता, सासूबाईसुद्धा नाहीत. सगळ्यांनी गृहीत धरलेलं आणि सगळ्यात आधी तिनेच. वर पोरांवर उगाच ओरडणं, झोप नाही, आणि रडू आलं की स्वतःलाच दटावणं, ते तिकडे बर्फात राहून आले नि मी पगाराचं काय घेऊन बसलेय. हे मी इतक्या जणींकडून ऐकलंय ना! नोकरी गेल्याचं दुःख केलं म्हणजे नवऱ्याच्या वर्दीचा अपमान होत नाही हो. दोन्ही एकाच घरात राहू शकतं.

मग आम्ही कागदावर आलो, कारण अशा वेळी नुसतं मन मोकळं करून भागत नाही. नवऱ्याची मूव्ह झाली म्हणून त्याच आठवड्यात कुटुंबाने निघायचं असं कुठेय, क्वार्टरला वेटिंग असतं, पोरांचं शाळेचं वर्ष अर्धं झालेलं असतं. तिची साडेचार वर्षं झाली होती, ग्रॅच्युइटीला सलग 5 लागतात, म्हणजे सहा महिन्यांसाठी हक्काचे पैसे सोडायला निघाली होती. पीएफ काढून टाकायचा विचार होता, तोही थांबवला, यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, तोच ठेवून पुढच्या नोकरीत ट्रान्सफर करायचा, कारण पीएफच्या पेन्शनला एकूण 10 वर्षांची सर्व्हिस लागते. आणि मुख्य म्हणजे रजिस्ट्रेशन. तिचं महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं, पंजाबात काम करायचं तर इथून एनओसी घेऊन तिकडच्या कौन्सिलकडे नोंदणी हवी. झाशीला हेच माहीत नव्हतं म्हणून तिथे नुसती घरी बसली होती.

(सरकारी बँकेत असाल तर आधी बदलीचा अर्ज टाका, नवऱ्याच्या गावी बदली मागणाऱ्या महिलांसाठी धोरण करा असं अर्थ मंत्रालयाने 2014 मध्येच बँकांना कळवलंय. केंद्र सरकारी नोकरीत पती-पत्नी एका ठिकाणी ठेवण्याबद्दल 2009 चं परिपत्रक आहे. हमी नाही, पण अर्ज न करता राजीनामा देऊ नका.)

नवऱ्याशी फोनवर बोलणं झालं. माणूस वाईट नाही. पण म्हणाला, हिच्या पगाराशिवाय पण चाललंच होतं की. वैशाली एकदम गप्प. मी म्हटलं भाऊ, घराचा हप्ता कुणाच्या पगारातून जातो? बराच वेळ बोलला नाही, मग विचारलं, एनओसीला कुठला फॉर्म लागतो. मला विचाराल तर माफीपेक्षा हे बरं.

तो एकटा गेला. ती पोरांच्या परीक्षा आणि स्वतःची 5 वर्षं पूर्ण करून उन्हाळ्यात गेली, सासूबाई मध्ये धुसफुसल्या, ते चालायचंच. नोंदणीला वेळ लागला, आता तिकडे एका छोट्या नर्सिंग होमला आहे. पगार साताऱ्यापेक्षा कमी आणि इन्चार्जची परत स्टाफ नर्स झाली. त्याचा राग आहे तिला, दर फोनवर तेच काढते, आणि मी तो घालवायच्या भानगडीत पडत नाही, कारण राग बरोबर आहे.